शाळाच निघाली अंगणात

आमच्या महिला मंडळातल्या आम्ही चौघीजणी दर शनिवारी गावातल्या एका शाळेत गोष्टी सांगायला जातो. तिथे तिसरीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. यायची ती काखेत दीड वर्षाचा भाऊ घेऊनच. तो रडला की ही उठून बाहेर. गोष्टीत लक्ष नाही, काही विचारलं तर मान खाली. एकदा मी वैतागले आणि सगळ्या वर्गासमोर तिला सुनावलं, की शाळा म्हणजे काही पाळणाघर नव्हे. ती काही बोलली नाही. पुढचे दोन शनिवार मात्र आलीच नाही.

नेमकं त्याच दिवसांत मी ताराबाई मोडकांबद्दल वाचत होते. वाचता वाचता माझेच शब्द मला टोचायला लागले. कारण या बाईंनी फार पूर्वीच शाळेला पाळणाघर जोडून दाखवलं होतं.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळी मुलगी चार इयत्ता शिकली तरी डोक्यावरून पाणी! अमरावतीच्या वकिलांशी लग्न झालं, पण संसार सुखाचा झाला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं हो! आजही आपल्या गावात अशा बाईकडे कसं बघतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्यांना प्राचार्यपदाची नोकरी मिळाली. पगार होता, मान होता. पण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ न मारता, न रागावता मुलांना शिकवतात असं कळलं आणि ताराबाई नोकरी सोडून तिकडे गेल्या. गिजुभाईंच्या साथीने त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथवरची गोष्ट नावाजलेल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची. पण मला खऱ्या ताराबाई दिसतात त्या यापुढे.

दादरची ही शाळा चांगली चालली होती. मुलं सुशिक्षित घरांतली. आईने डबा भरून दिलेला, केस नीट विंचरलेले, घरात पुस्तकं आणि रात्री गोष्ट सांगणारं कुणीतरी माणूस. अशी मुलं वर्गात पटकन रमतात, बाई विचारतील त्याला धिटाईने उत्तरं देतात. मग आपल्याला वाटतं, मूल हुशार आहे. त्यातली निम्मी हुशारी घरातून आलेली असते, हे लक्षातच येत नाही. शिकवायची मॉंटेसोरी साधनंही महागडी होती. खरं तर मॉंटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोम शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांपासूनच सुरुवात केली होती. आपल्याकडे येईपर्यंत मात्र ते शिक्षण ऐपतवाल्यांच्या वाट्याला गेलं होतं.

ताराबाईंना ही गोष्ट डाचत होती. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. समुद्रकाठचं गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यातलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या. या दोघींची जोडी पुढे जन्मभर टिकली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण बऱ्या घरची मुलंच येऊ लागली. दलित वस्तीतली मुलं काही येईनात. अशा वेळी आपण काय म्हणतो? या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही, असं म्हणून मोकळे होतो. ताराबाईंनी दोष शाळेत शोधला. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या दारात नेऊ. वस्तीतल्या अंगणात वर्ग भरू लागला. मुलांची नखं काढायची, हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आयाबाया दारात उभ्या राहून बघायच्या. अंगणातली बालवाडी, म्हणून ती अंगणवाडी.

महाग साधनंही गेली. त्यांच्या जागी शंख, शिंपले, चिंचोके, खडे, पानं-फुलं आली. शिंपले मोजायचे, लहान-मोठे वेगळे करायचे, ओळीत मांडायचे. किनाऱ्यावरच्या मुलाला शिंपल्याची भीती वाटत नाही. ते तर त्याच्या रोजच्या खेळण्यातलं! आणि पैही खर्च नाही.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं वारली आदिवासींची. मुलगा जरा मोठा झाला की गुरांमागे जायचा, मुलगी झाली की धाकटी भावंडं तिच्या काखेत. आईबाप मजुरी करायचे तेव्हा चूल पेटायची. त्यांना मुलांना शाळेत पाठवा म्हणून नुसतं सांगणं सोपं होतं. ताराबाई आणि अनुताईंनी त्या मुलांच्या दिवसाप्रमाणे शाळेचं वेळापत्रक वळवलं. गुरं चरतात तिथेच, कुरणात शिक्षक जाऊ लागले. ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा असं सगळं एकाच जागी आणलं, त्याला नाव दिलं विकासवाडी. धाकटा पाळण्यात, मधली बालवाडीत आणि थोरली निवांतपणे वर्गात.

१९६२ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आज आपल्या गल्लीत अंगणवाडी असते, तिथल्या ताईला आपण ओळखतो. पण हा शब्द आधी कुठल्या अंगणात उच्चारला गेला, हे कितीजणींना माहीत असतं?

हे वाचून झाल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. आई सकाळी सातला मजुरीला जाते, घरात दुसरं कुणी नाही. आईच म्हणाली, की पोरगी रात्री भावाला झोपवताना रोज शाळेतल्या गोष्टी सांगते. मुलीला विचारलं, तर तिने मी महिन्यापूर्वी सांगितलेली गोष्ट अख्खी सांगितली, एकही पात्र न चुकता. आणि मी समजत होते, हिचं लक्षच नाही!

आता दर शनिवारी आमच्यातली एकजण व्हरांड्यात सतरंजी टाकून धाकट्या भावंडांना घेऊन बसते. एकाची आता चार झाली आहेत. ती मुलगी वर्गात पहिल्या रांगेत बसते. पण आम्ही जातो तो एकच दिवस. बाकीचे पाच दिवस भाऊ तिच्या काखेतच असतो. मैत्रिणींनो, त्या पाच दिवसांचं काय करायचं, हे आमच्या मंडळाला अजून सुचलेलं नाही. तुमच्या गावात कुणी काही केलं असेल, तर जरूर कळवा.