कै. सावित्रीबाई फुले : शाळेपलीकडचे कार्य

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आमच्या ज्ञातिबांधवांच्या अनेक घरांत कै. सावित्रीबाई फुले यांची तसबीर आढळते. तिला हार घालताना त्यांची शाळा सर्वांस आठवते. विधवांसाठी त्यांनी केलेले कार्य मात्र क्वचितच आठवते. म्हणून हा अल्प प्रपंच.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली जोतीरावांशी विवाह होऊन त्या पुण्यास आल्या व पतीकडूनच अक्षरे शिकल्या. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेथे त्या शिक्षिका झाल्या. वाटेत अंगावर शेणचिखल पडे. पुढे सासरचे घरही सुटले. त्या प्रसंगी उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख अध्यापनात सोबतीस आल्या. कल्याणात बालपण गेलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याच्या ३८ वर्षे आधीची ही गोष्ट.

परंतु लिहिता-वाचता आले म्हणून विधवेचे दुःख सरत नाही, हे या दांपत्याने ओळखले होते. फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावे, म्हणून १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नामक ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेऊन वाढवला व तो डॉक्टर झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. दत्तकपुत्राच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद काढताच सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. ज्या दिवशी रूढीने त्यांना कोपऱ्यात बसविले असते, त्याच दिवशी त्या सर्वांच्या पुढे होत्या.

१८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करीत असता त्यांनाही त्या रोगाने गाठले व १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज आमच्या मुली पदवीधर होऊन लोकलने नोकरीस जातात, याचे आम्हांस समाधान आहे. मात्र त्याच मुलीच्या लग्नात तिची विधवा आई मागल्या रांगेत बसते, हे आमच्या मांडवांतून अद्याप गेलेले नाही. येत्या हळदीकुंकवाचे पहिले आमंत्रण प्रत्येक घराने आपल्या विधवा भगिनीस द्यावे व लेकीवर अक्षता टाकण्याचा पहिला मान तिच्या आईस मिळावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.