पावणेदोन हॉर्सपॉवर आणि मोंमार्त्रचा चढ: लुई रेनॉ आणि त्याचा गिअरबॉक्स

100 सीसीची साधी बाइक घ्या. तिचं इंजिन साधारण 8 हॉर्सपॉवर देतं. आता 1898 सालच्या पॅरिसमध्ये चला. तिथे 21 वर्षांच्या एका मुलाकडे 273 सीसीचं, एकाच सिलिंडरचं इंजिन होतं आणि त्याची ताकद होती फक्त पावणेदोन हॉर्सपॉवर. एवढ्याशा ताकदीवर त्याला चारचाकी पळवायची होती. नुसती सपाट रस्त्यावर नाही, तर मोंमार्त्रच्या टेकडीवर.

या मुलाचं नाव लुई रेनॉ. हो, क्विड आणि डस्टरवर जे नाव असतं, तेच. त्याचं नाव कंपनीमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचं मूळ काम इंजिनाचं नव्हतंच. इंजिन त्यानं दे दियाँ-बुताँ या कंपनीचं, तयार असलेलंच वापरलं. त्याचं स्वतःचं जे होतं ते इंजिन आणि चाक यांच्या मधलं: गिअरबॉक्स.

बटणांच्या व्यापाऱ्याचा मुलगा

लुईचा जन्म 1877 चा, पॅरिसमधलाच. वडिलांचा कापड आणि बटणांचा व्यापार, घरात पैसा भरपूर. शाळेत मात्र याचं लक्ष नाही. वाफेच्या गाड्या बनवणाऱ्या सेरपोलेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचं, मशिनी उघडून बघायच्या, हाच नाद. इंजिनिअरिंगच्या नामवंत कॉलेजात प्रवेश काही मिळाला नाही. पॅरिसजवळ बियांकूरला कुटुंबाचं घर होतं, त्याच्या बागेत एक शेड होती. तिथे त्यानं लेथ वगैरे लावून आपलं छोटं वर्कशॉप थाटलं. त्याच शेडमध्ये त्यानं दे दियाँची तीनचाकी खोलली आणि तिची चारचाकी करायला घेतली.

थोडं गणित करू

मोंमार्त्रला रू लपिक नावाचा रस्ता आहे. त्याचा चढ सुमारे 13 टक्के, म्हणजे 100 मीटर पुढे गेलात की 13 मीटर वर. गाडी आणि दोन माणसं मिळून वजन 350 किलो धरू (हा आपला अंदाज). एवढं वजन त्या चढावर नेण्यासाठी, चाकांचा घर्षणाचा विरोध धरून, साधारण 510 न्यूटनची ओढ लागते. पावणेदोन हॉर्सपॉवर म्हणजे जवळपास 1290 वॅट. त्यातला एक पंचमांश वाटेत वाया गेला असं समजलं, तर चाकाशी उरतात 1030 वॅट. भागाकार करा: सेकंदाला 2 मीटर. ताशी 7 किलोमीटर!

म्हणजे हे इंजिन तो चढ चढू शकतं, पण भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. त्याहून जोरात नाही, कारण ताकदच तेवढी आहे. आणि यात एक अट आहे. पूर्ण ताकद मिळायला इंजिन त्याच्या पूर्ण वेगानं, मिनिटाला सुमारे 1500 फेऱ्यांवर फिरलं पाहिजे. (तेव्हा हा वेग खूपच मोठा होता. बरीच इंजिनं 700-800 वरच चालायची.) आरपीएम खाली आले की ताकदही खाली येते आणि चढावर इंजिन बंद पडतं. घाटात चौथ्या गिअरमध्ये बाइक गचके खाते तेव्हा हेच होत असतं.

चाकाचा घेर 2 मीटर धरला, तर त्या वेगात चाक सेकंदाला एक फेरी मारतं, म्हणजे मिनिटाला 60. इंजिन 1500, चाक 60. प्रमाण 25 ला 1.

आता सपाट रस्ता. रेनॉची पहिली गाडी ताशी 32 किलोमीटरपर्यंत जायची. त्या वेगाला चाक मिनिटाला साधारण 267 फेऱ्या मारतं, म्हणून प्रमाण हवं 5.6 ला 1. इंजिन तेच, चाक तेच, पण एका ठिकाणी 25 हवेत आणि दुसऱ्या ठिकाणी साडेपाच. दोन्हींत साडेचार पटीचा फरक. नुसते दोन गिअर ठेवले तर एकातून दुसऱ्यात जाताना आरपीएम एकदम 1500 वरून 330 वर कोसळतील आणि इंजिन मरेल. मध्ये एक टाकला की प्रत्येक वेळी साधारण निम्मे होतात, ते कसंबसं निभावतं. लुईच्या गाडीला पुढे जायचे तीनच गिअर होते, आणि एक रिव्हर्स.

गिअरबॉक्स इंजिनाला जुळवणं म्हणतात ते हेच. इंजिनात ताकद वाढत नाही. आहे ती कोणत्या वेगाला हाताशी ठेवायची, एवढंच ठरवायचं असतं.

थेट जोडणी

गिअर बदलायची युक्ती लुईच्या आधीही होती. पानार ए लव्हासॉर या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांत इंजिन पुढे, मागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांना साखळ्या, अशी रचना होती. पण तिच्यात कुठलाही गिअर टाका, ताकद दातेरी चाकांच्या जोड्यांमधूनच जायची. तेव्हाचे दाते सरळ कापलेले, खडबडीत. आवाज प्रचंड, आणि प्रत्येक जोडी थोडी ताकद खाणार. वर साखळ्यांचा ताप वेगळाच: धूळ, चिखल, खडखडाट. 20 हॉर्सपॉवरच्या गाडीत दहा टक्के गेले तर चालून जातं. पावणेदोनमध्ये दहा टक्के गेले तर काय उरणार?

लुईनं केलं असं, की इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट एकाच सरळ रेषेत, समोरासमोर ठेवले. बाजूला एक तिसरा शाफ्ट. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये ताकद बाजूच्या शाफ्टवरून वळसा घेऊन येते, म्हणजे दात्यांच्या दोन जोड्यांमधून. पण टॉप गिअर टाकला की समोरासमोरचे दोन्ही शाफ्ट एकमेकांत अडकतात आणि एकच दांडा असल्यासारखे फिरतात. एकाही दात्यावर भार नाही. इंजिनाची एक फेरी, बाहेरच्या शाफ्टची एक फेरी. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. साखळ्याही त्यानं काढून टाकल्या आणि फिरणारा लांब दांडा थेट मागच्या ॲक्सलपर्यंत नेला.

यात तडजोड आहे, ती लक्षात घ्या. खालच्या गिअरमध्ये तर दोन जोड्या, म्हणजे नुकसान जास्तच! पण खालचे गिअर गाडी किती वेळ वापरते? चढापुरते, निघण्यापुरते. बाकी सगळा प्रवास टॉपमध्ये. जिथे गाडी जास्त वेळ असते तिथलं नुकसान आधी थांबवायचं, असा हिशेब. अनेक हुशार लोक सगळीकडे थोडं थोडं सुधारत बसतात. या पोरानं नेमकी जागा ओळखली.

डायरेक्ट ड्राइव्हमुळे जुळवणीचा क्रमही पक्का झाला. टॉपला गिअरबॉक्स काहीच कमी-जास्त करत नाही, म्हणून 5.6 चं प्रमाण पूर्णपणे मागच्या ॲक्सलमध्ये ठेवायचं, ते गाडीच्या टॉप स्पीडवरून. मग चढाचा हिशेब करून पहिला गिअर ठरवायचा: 25 भागिले 5.6, म्हणजे सुमारे साडेचार. जुन्या जीपमध्ये किंवा अॅम्बॅसिडरमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवतात तेव्हाही हाच हिशेब आडवा येतो. पेट्रोल इंजिन जिथे आरामात जास्त आरपीएमला जायचं, तिथे डिझेल त्याआधीच संपतं. ॲक्सल तोच ठेवला तर गाडीचा टॉप स्पीड तेवढ्याच प्रमाणात खाली येतो आणि हायवेवर इंजिन ओरडत राहतं. नवीन इंजिन बोल्टला बसलं म्हणजे जुळलं असं नसतं.

24 डिसेंबर 1898

ख्रिसमसच्या आदल्या रात्री लुई आपली गाडी घेऊन मित्रांच्या मेजवानीला गेला. गाडी रू लपिक चढेल का यावर पैज लागली. गाडी चढली. त्याच रात्री त्याच्या हातात 12 गाड्यांची ऑर्डर पडली. फेब्रुवारी 1899 मध्ये त्यानं डायरेक्ट ड्राइव्हचं पेटंट मागितलं आणि त्याच वर्षी भावांनी ‘रेनॉ फ्रेर’, म्हणजे रेनॉ बंधू, ही कंपनी उभी केली. गंमत म्हणजे कंपनी मार्सेल आणि फर्नांद या दोन मोठ्या भावांच्या नावावर होती. गाडी बनवणारा लुई सुरुवातीला तिथे नोकरीत!

बाकीच्या कंपन्यांनी ही रचना पटापट उचलली. लुई कोर्टात गेला, जिंकला आणि रॉयल्टी वसूल केली.

1902 च्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत मार्सेल रेनॉच्या हलक्या गाडीतून, आल्प्सचे घाट ओलांडत, मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्यांच्या पुढे व्हिएन्नाला पोचला. घाटात नुसती ताकद कामाला येत नाही हे पुन्हा दिसलं. पुढच्याच वर्षी पॅरिस-माद्रिद शर्यतीत दोघं भाऊ उतरले. वाटेत इतके अपघात झाले की सरकारनं शर्यत बोर्दोलाच थांबवली. लुई बोर्दोला आघाडीच्या गाड्यांमध्ये पोचला. मार्सेल पोचलाच नाही. त्याची गाडी उलटली होती आणि त्यात तो गेला. लुईनं त्यानंतर स्वतः शर्यत चालवली नाही. 1909 मध्ये फर्नांदही वारला आणि सगळा कारखाना एकट्या लुईच्या हातात आला.

कारखानदार

इथून पुढचा लुई वेगळा आहे. पॅरिसच्या टॅक्सी रेनॉच्या झाल्या. 1914 मध्ये मार्नच्या लढाईसाठी सैनिकांना नेणाऱ्या सुमारे 600 टॅक्सींत बहुतेक त्याच्याच. त्याच्या कारखान्यातला छोटा एफटी रणगाडा, वर गोल फिरणारा टरेट आणि मागे इंजिन, पुढच्या रणगाड्यांचा नमुना ठरला. युद्ध संपलं तेव्हा तो देशाचा हिरो होता. कामगारांसाठी मात्र नाही. अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आल्यावर त्यानं घड्याळ लावून काम मोजायला सुरुवात केली होती आणि त्यावरून 1913 मध्ये मोठा संपही झाला.

1940 मध्ये जर्मनीनं फ्रान्स घेतला. बियांकूरचा कारखाना जर्मन सैन्यासाठी ट्रक बनवू लागला. मार्च 1942 मध्ये ब्रिटिश विमानांनी कारखान्यावर बॉम्ब टाकले. आजूबाजूच्या वस्तीतली शेकडो माणसं मेली. कारखाना बंद केला असता तर जर्मनांनी मशिनी आणि कामगार दोन्ही उचलून नेले असते, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात. ट्रक शेवटी कोणाच्या कामी आले, असं विरोधक विचारतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ट्रक बनले हे नाकारता येत नाही, आणि रेनॉवरच्या एखाद्या लेखात ही वर्षं गाळलेली दिसली, तर तो लेख अर्धाच समजा.

पॅरिस मुक्त झाल्यावर सप्टेंबर 1944 मध्ये शत्रूला मदत केल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. तेव्हा तो आजारी होता, त्याला धड बोलताही येत नव्हतं. 24 ऑक्टोबरला, खटला उभा राहण्याआधीच, तो वारला. कोर्टानं त्याला ना दोषी ठरवलं, ना निर्दोष. जानेवारी 1945 मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. नातवंडांनी 2011 मध्ये भरपाईसाठी कोर्टाचं दार ठोठावलं, पण हाती काही लागलं नाही.

इंजिन पुढे, मागची चाकं फिरणार आणि टॉप गिअर थेट, ही रचना मात्र पुढेही वर्षानुवर्षं चालली. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत तीच होती. काळी-पिवळीचा ड्रायव्हर स्टिअरिंगजवळची दांडी ओढून चौथा टाकायचा, तेव्हा दोन शाफ्ट असेच एकमेकांत अडकायचे. आजच्या बहुतेक छोट्या कारमध्ये इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरतात. तिथे थेट रेष जमतच नाही, प्रत्येक गिअर दात्यांमधूनच जातो. दाते आता इतके चांगले कापले जातात की ते चालतं.

जर्मनांच्या ताब्यातल्या त्याच कारखान्यात इंजिनिअरांनी गुपचूप एक छोटी गाडी तयार केली होती. ती 1946 मध्ये लोकांसमोर आली: रेनॉ 4 सीव्ही. तीन गिअर, इंजिन मागे. तिच्या टॉप गिअरमध्ये डायरेक्ट ड्राइव्ह नव्हता.