हंसाबाईंनी सांगितले ते

आमच्या येळ्ळूरच्या घरातली सारी बायकामंडळी मिळून चित्रपटाला निघाली, असे मी लहानपणी एकदाच पाहिले. अनंत माने ह्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) बेळगावात लागला होता. गाडी जुंपली, शिदोरी बांधली, आजीसुद्धा गाडीत बसली. गावच्या पाटलाने फार वर्षांपूर्वी केलेले पाप अखेर तमाशाच्या बोर्डावर उघडे पडते, अशी ती कथा. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. परतीच्या वाटेवर मात्र आमच्या गाडीत कुणी बोलले नाही. आमच्या आजोबांचे दुसरे बिऱ्हाड शहापुरात होते. घरात ते सर्वांना ठाऊक होते आणि कुणी त्याचा उच्चार करीत नसे.

त्या चित्रपटात हंसा वाडकर होत्या. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. घराणे सावंतवाडीकडचे, गाण्याबजावण्याचे. घरची ओढगस्त अशी की पोरवयातच स्टुडिओची पायरी चढावी लागली. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) हा त्यांचा पहिला बोलपट. पुढे बॉम्बे टॉकीज झाले, प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१) झाला, आणि ‘लोकशाहीर रामजोशी’मधल्या (१९४७) बयेने तर त्यांचे नाव खेडोपाडी नेले.

ह्या बाईंना हौस होती ती संसाराची, हे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही. वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या जगन्नाथ बंदरकरांशी त्यांनी लहान वयात लग्न केले. आता काम सोडावे, घर सांभाळावे, असे त्यांच्या मनात होते. पण चूल त्यांच्याच मिळकतीवर पेटत होती. कामावरही जायचे आणि तिथल्या प्रत्येक पुरुषावरून संशयही सोसायचा! भांडणे वाढली, मद्य आले. एके दिवशी रागाच्या भरात त्या एका परक्या पुरुषाबरोबर निघून गेल्या, त्या थेट मराठवाड्यातल्या एका खेड्यात पोचल्या. तिथे त्याच्या आधीच्या बायका घरात होत्याच. वाड्याचे दार मागे लागले आणि साऱ्या महाराष्ट्राने पाहिलेला चेहरा गोशात गेला. चोरून धाडलेले पत्र पोचल्यावर नवराच पोलीस घेऊन आला, तेव्हा कुठे सुटका झाली. ज्या घरातून पळाल्या, त्याच घरी परत! व्यभिचार कुणाचा, असे विचारले तर लोक एकट्या हंसाबाईंकडे बोट दाखवीत. मला तो हिशेब कधी पटला नाही.

दूर कोरियातही ह्याच सुमारास किम की-यंग ह्यांच्या ‘हान्यो’ (१९६०) ह्या चित्रपटाने संगीतशिक्षक आणि मोलकरीण ह्यांच्या संबंधातून एका सभ्य घराचे दार असेच उघडले होते. पण ती पडद्यावरची पात्रे. हंसाबाई स्वतःच्या नावाने बोलल्या. ‘माणूस’ साप्ताहिकासाठी अरुण साधूंनी त्यांचे कथन शब्दबद्ध केले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचे पुस्तक काढले. नाव त्याच चित्रपटाचे, ‘सांगत्ये ऐका’. (आमच्या गावावरच्या गडाचे नावही राजहंस, म्हणून मला ते पुस्तक उगाच घरचे वाटले.) त्यात त्यांनी नवऱ्याला सोडले नाही, आणि स्वतःला तर मुळीच नाही. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ह्या पुस्तकावरून श्याम बेनेगल ह्यांनी ‘भूमिका’ (१९७७) काढला आणि स्मिता पाटील ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट उत्तमच आहे. पण पुस्तकातल्या हंसाबाईंचा फटकळपणा त्यात पुरता आला नाही, असे माझे मत आहे.

चित्रपटाला गाडी जुंपणाऱ्या आमच्या घरात हे पुस्तक मात्र मला ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवावे लागले. पाटलाचे पाप तमाशात ऐकणे वेगळे आणि घरंदाजपणाची आस धरलेल्या बाईने आपल्या तोंडाने सांगणे वेगळे! ते आजीच्या हाती कसे लागले, देव जाणे. दुपारची निजानीज झाली की ती माजघरात बसून एकेक अक्षर लावीत वाची. पंधरा दिवसांनी तिने ते मुकाट्याने परत केले.

त्या वर्षी सुगीनंतर तिने तांदळाचे एक पोते शहापूरला पाठवायला सांगितले. गाडी कुणाच्या दारात उभी करायची, हे न विचारताच गडी निघाला.