कायझेन हा शब्द यायच्या कितीतरी आधी नागपूरच्या एका मिलमध्ये काय सुरू होतं?

गोंदियातल्या कुठल्याही राईस मिलमध्ये जा, मालकाची नजर कनकीवर असते. धानात ओल कमी-जास्त झाली, रबर रोल झिजला किंवा मशीनची सेटिंग बिघडली की अख्खा तांदूळ कमी निघतो आणि तुकडा वाढतो. तुकड्याला भाव कमी. म्हणजे धान तेच, वीज तीच, मजुरी तीच, पण हातात पैसा कमी.

वाया काय जातंय ते शोधा, कारण काढा, थोडं सुधारा आणि उद्या पुन्हा तेच करा. याला कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये आता 'लीन' आणि 'कायझेन' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटानं ही पद्धत घडवली आणि ती जगभर गेली, हे खरंच आहे. पण गोंदियाहून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर असलेल्या नागपुरात एक माणूस १८७७ पासून बरंचसं हेच करत होता. नाव तुम्हाला माहीत आहे, जमशेटजी टाटा. जमशेदपूर, ताज हॉटेल, बंगळुरूची विज्ञान संस्था या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. पण हे सगळं उभं राहायच्या आधी जमशेटजी कारखाना चालवायला शिकले ते विदर्भात.

जन्म ३ मार्च १८३९, गुजरातमधलं नवसारी. घराणं पारशी धर्मगुरूंचं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६९ मध्ये चिंचपोकळीची बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. मग लँकेशायरला जाऊन तिथल्या गिरण्या नीट पाहिल्या.

परत आल्यावर त्यांच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपूरकडे. तो मुंबईला जातो, तिथं किंवा इंग्लंडात त्याचं कापड होतं आणि तेच कापड परत इथं विकायला येतं. ही ये-जा कशासाठी? मालाची विनाकारण वाहतूक हा लीनच्या यादीतला एक मोठा अपव्यय आहे. मुंबईत गिरण्यांची गर्दी होत असताना जमशेटजींनी नागपूर निवडलं. कापूस जवळ, रेल्वे १८६७ मध्येच पोहोचलेली, बाजारही दारात.

जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची दलदल. ती भरून काढायलाच पैसा चालला होता. एका स्थानिक सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं मत होतं. पुढे मिल चालल्यावर त्यानं कबूल केलं म्हणे, की यानं माती घातली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी मिल सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस.

मॅनेजर म्हणून निवडले बेझनजी मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडाचा अनुभव शून्य. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रजाकडे.

सुरुवात मात्र फसली. यंत्रं स्वस्तातली घेतली होती, सूत हलकं निघू लागलं. स्वतःच घेतलेलं यंत्र चुकीचं आहे हे मान्य करायला मालकाला जड जातं. मला विचाराल तर जमशेटजींची खरी परीक्षा इथं होती. त्यांनी चूक मान्य केली आणि टप्प्याटप्प्यानं यंत्रं बदलली.

त्यातला सगळ्यात मोठा बदल म्हणजे रिंग स्पिंडल. तेव्हा लँकेशायरचा भरवसा 'म्यूल' यंत्रावर होता. त्यात गाडा बाहेर जातो, सूत ओढून पीळ देतो, मग परत येताना ते गुंडाळतो. म्हणजे काम थांबत-थांबत होतं आणि त्याला कसबी माणूस लागतो. रिंगमध्ये पीळ देणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता चालतं. लँकेशायरच्या मालकांचा पैसा म्यूलमध्ये अडकला होता, त्यामुळे ते हळूहळू वळले. जमशेटजींनी मात्र आधी मोजकीच यंत्रं आणून चाचणी घेतली. निकाल चांगला दिसला तेव्हा पुढे पाऊल टाकलं.

दुसरा शत्रू नागपूरचा उन्हाळा. हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं. सूत तुटलं की यंत्र थांबतं, कामगार गाठ मारत बसतो. धानातल्या ओलीचं गणित माहीत असलेल्या गोंदियाकरांना हे लगेच कळेल. मिलमध्ये हवेत ओलावा राखणारी यंत्रं बसवली, सोबत आग विझवणारे फवारेही. ओलाव्यामुळे सूतही सावरलं आणि कामगारांनाही उकाड्यात थोडा आराम मिळाला.

राहिला माणसांचा प्रश्न. रोज साधारण पाचातला एक कामगार यायचाच नाही. दंड लावणं सोपं होतं. जमशेटजींनी उलटं विचारलं, या माणसानं रोज का यावं? १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ मध्ये कामावर अपघात झालेल्यांना भरपाई. देशात अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. शिवाय बोनस, बक्षीस समारंभ, खेळांचे दिवस.

पण याला निव्वळ दानधर्म समजू नका, आणि चित्र गुळगुळीतही नव्हतं. देशातल्या कापडगिरण्यांमधल्या नोंद झालेल्या पहिल्या संपांपैकी एक याच एम्प्रेस मिलमध्ये, १८७७ मध्येच झाला. कारण मजुरीचे दर. आजचं कायझेन यंत्रावर उभ्या माणसाला सूचना विचारतं. एम्प्रेसमध्ये सुधारणा ठरायची वरून, मालकाच्या टेबलावर. हा फरक लहान नाही.

१८८६ मध्ये त्यांनी मुंबईत कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली आणि नाव दिलं स्वदेशी. सौदा स्वस्त वाटला, पण आतली यंत्रं मोडकळीला आलेली. पैसा आटला तेव्हा जमशेटजींनी आपले एम्प्रेसचे शेअर विकले, नागपूरची अनुभवी माणसं कुर्ल्याला आणली आणि पुन्हा एकेक दोष शोधत बसले. मिल सावरायला वर्षं लागली.

१९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथं त्यांचं निधन झालं. पोलाद कारखाना आणि विज्ञान संस्था त्यांना पाहायला मिळाली नाही.

एम्प्रेस मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. त्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल आहे. गोंदियाहून नागपूरला खरेदीला जाणाऱ्यांपैकी कित्येक जण तिथं जाऊन आलेले असतील, मॉलला हे नाव का आहे हा प्रश्न न पडता.