फाशांचा हिशेब मांडणारा डॉक्टर

व्हेनिसमधील एका बड्या असामीच्या घरी सणाच्या दिवशी पत्त्यांचा डाव रंगला होता. खेळणाऱ्यांत पंचविशीच्या आसपासचा, वैद्यकी शिकणारा एक तरुण होता. पहिल्या दिवशी तो पैसे, अंगठ्या, अंगावरचे कपडे असे सगळे हरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्यावर त्याच्या लक्षात आले की पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत. त्याने कट्यार काढली, यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला आणि हरलेला ऐवज उचलला. दार बंद होते आणि घरचे नोकर शस्त्रे घेऊन उभे होते. प्रसंग जिवावर बेतला असता, पण आपली लबाडी चव्हाट्यावर येईल या भीतीने यजमानानेच दार उघडायला सांगितले. त्याच रात्री पळून जाताना हा तरुण अंधारात पाय घसरून पाण्यात पडला. कपड्यांखाली चिलखत होते, त्यामुळे बुडायचाच. पण एका नावेतल्या लोकांनी त्याला वर ओढले. नावेत समोर कोण, तर चेहऱ्याला पट्टी बांधलेला तोच यजमान! त्याने भांडण उकरून न काढता त्याला कोरडे कपडे दिले आणि दोघे एकाच नावेतून पादुआला परतले.

हा तरुण म्हणजे जेरोलामो कार्दानो. सोळाव्या शतकातला युरोपातला नावाजलेला डॉक्टर, बीजगणितातला मोठा गणिती आणि आयुष्यभराचा जुगारी. वरचा प्रसंग त्याने स्वतःच म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. जुगाराच्या टेबलावर कोण कोणावर नजर ठेवतो, का ठेवतो आणि त्या नजरेपुढे माणसाचे डोके कसे फिरते, याचा विचार करताना आजही त्याच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

कार्दानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी इटलीतल्या पाविया येथे झाला. वडील फाझियो मिलानमधले वकील आणि गणिताचे जाणकार. लिओनार्दो दा विंचीशी त्यांची ओळख होती. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. हे मूल नको म्हणून आईने औषधे घेतली होती, हेही त्याने पुढे लपवले नाही. आईची आधीची तीन मुले प्लेगने गेली. स्वतः जेरोलामो लहानपणापासून आजारी. अशा घरात वाढलेला मुलगा हुशार, हट्टी आणि तोंडाचा फटकळ निघाला.

पाविया आणि पादुआ येथे त्याने वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. शिकत असतानाच वडील वारले. त्यांनी ठेवलेला थोडा पैसा लवकरच संपला आणि फासे, पत्ते, बुद्धिबळ हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन झाले. शक्यतांचा अंदाज त्याला इतरांपेक्षा बरा होता, म्हणून बऱ्याचदा तो जिंकायचा. हे सुरुवातीचे जिंकणेच पुढे महाग पडले. जुगाराच्या व्यसनात असे बऱ्याचदा होते.

१५२६ च्या सुमारास तो डॉक्टर झाला, पण मिलानच्या वैद्य मंडळाने त्याला सदस्यत्व नाकारले. कारण दिले ते जन्माचे. स्वभावाचाही त्यात वाटा असावा. मग पादुआजवळच्या एका लहान गावात त्याने व्यवसाय थाटला. १५३१ मध्ये लुचिया बांदारिनीशी लग्न केले. रुग्ण थोडे, मिळकत तुटपुंजी. पुढे गालाराते गावी आल्यावर तो पुन्हा फाशांकडे वळला आणि या वेळी हरत गेला. बायकोचे दागिने गहाण पडले, घरातले सामानही गेले. शेवटी मिलानमध्ये नवरा-बायकोला गरिबांसाठीच्या आश्रयगृहात राहावे लागले. फाशांचे गणित ज्याला इतरांपेक्षा चांगले कळत होते, त्याच्या घराची ही गत झाली.

१५३४ मध्ये त्याला मिलानमध्ये गणित शिकवण्याचे काम मिळाले आणि दिवस पालटले. वैद्य मंडळाची मान्यता नसतानाही तो रुग्ण तपासत होता आणि त्याचा हातगुण गाजत होता. १५३६ मध्ये त्याने त्या काळच्या डॉक्टरांच्या चुकीच्या उपचारपद्धतींवर पुस्तक छापले, त्यामुळे व्यवसायबंधू आणखी चिडले. तरीही १५३९ मध्ये मंडळाला त्याला सामावून घ्यावे लागले. १५४३ मध्ये तो पावियाला वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक झाला. १५४५ मध्ये ‘आर्स मॅग्ना’ हा त्याचा बीजगणितावरचा ग्रंथ निघाला. त्यातल्या घन समीकरणांच्या उत्तरावरून तार्ताल्या या गणितज्ञाशी कडाक्याचा वाद झाला. ही रीत गुप्त ठेवण्याच्या अटीवर आपण सांगितली होती, असे तार्ताल्याचे म्हणणे होते.

डॉक्टर म्हणून त्याचे नाव किती दूरवर गेले होते, हे १५५२ मध्ये दिसले. स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना वर्षानुवर्षे दम्याचा त्रास होता. त्यांनी कार्दानोला बोलावून घेतले. काही आठवडे तो रुग्णाजवळ राहिला. खाणेपिणे, झोप, व्यायाम, कामाचा ताण सगळे बारकाईने पाहिले आणि दिनक्रम बदलला. पिसांची गादी-उशी वापरू नका, असेही सांगितले. आर्चबिशपना आराम पडला. ॲलर्जी हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता. आज दम्याच्या रुग्णाला अंथरूण-पांघरुणाबद्दल हमखास विचारले जाते. उपचाराआधी नीट पाहणे, ही या माणसाची ताकद होती.

हीच पाहण्याची सवय त्याने जुगाराच्या टेबलावरही वापरली. त्याच्या सांगण्यानुसार चाळीसहून अधिक वर्षे बुद्धिबळ आणि सुमारे पंचवीस वर्षे फासे तो जवळजवळ रोज खेळला. या अनुभवावर त्याने लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही. १६६३ मध्ये त्याच्या समग्र ग्रंथांबरोबर प्रसिद्ध झाले. तोपर्यंत पास्कल आणि फर्मा यांचा १६५४ चा पत्रव्यवहार होऊन गेला होता, म्हणून संभाव्यताशास्त्राचे श्रेय मुख्यतः त्या दोघांना मिळाले.

पुस्तकातला मूळ विचार सोपा आहे. एका फाशाला सहा बाजू, म्हणून दोन फाशांची दाने ३६ प्रकारे पडू शकतात आणि तीन फाशांची २१६ प्रकारे. पहिल्या फाशावर ३ व दुसऱ्यावर ४ आणि पहिल्यावर ४ व दुसऱ्यावर ३ हे दोन वेगळे प्रकार धरायचे. असे मोजले की बेरीज ७ येण्याचे सहा प्रकार निघतात, तर २ किंवा १२ येण्याचा प्रत्येकी एकच. सगळे फासे खरे असतील तर कोणते दान किती वेळा पडेल, याचा अंदाज अशा मोजणीतून येतो. आपल्याकडे नल राजाला ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या मिळाल्याची कथा आहे. ही विद्या नशिबाची नसून मोजणीची आहे, हे कार्दानोने कागदावर मांडून दाखवले. त्यात त्याने काही ठिकाणी चुकाही केल्या, आणि पुढे दुरुस्त केल्यावरही जुन्या चुका पुस्तकात तशाच ठेवल्या.

गणिताइतकेच महत्त्वाचे आहे ते त्याने घातलेले समतेचे सूत्र. डाव न्याय्य व्हायचा तर दोन्ही बाजूंना परिस्थिती सारखी हवी: समोरचा खेळाडू, भोवतीचे बघे, पैसा, बसण्याची जागा, फासे ठेवण्याचे भांडे आणि स्वतः फासा. यात कुठे तोल ढळला आणि तो समोरच्याच्या फायद्याचा असेल तर खेळणारा मूर्ख. स्वतःच्या फायद्याचा असेल तर अन्यायी. बघ्यांचा समावेश त्याने मुद्दाम केला आहे. आपल्याकडे टक लावून पाहणारे, शेरे मारणारे, समोरच्याच्या बाजूचे लोक भोवती असले की खेळणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहत नाही, हे तो अनुभवाने शिकला होता. साबण लावलेले पत्ते आणि अंगठीत बसवलेले आरसे यांच्यापासून सावध राहायलाही त्याने सांगून ठेवले.

आजच्या कॅसिनोत हे चित्र उलटे झाले आहे. तिथे खेळणाऱ्यापेक्षा यजमानच जास्त बारकाईने पाहतो. क्रॅप्स या दोन फाशांच्या खेळात टेबलाभोवती तीन-चार कर्मचारी असतात आणि डोक्यावर कॅमेरे. फासे पारदर्शक, धारदार कडांचे आणि क्रमांक टाकलेले. ते एकाच हाताने उचलायचे, टेबलाच्या वरच आणि सर्वांना दिसतील असे धरायचे, टाकताना समोरच्या भिंतीवर आपटतील असे टाकायचे. फासा जमिनीवर पडला तर तपासून मगच परत मिळतो. फासे बदलणे किंवा ते न फिरवता घसरवणे या जुन्या लबाड्यांसाठी हे सगळे नियम आहेत. प्रामाणिक खेळणाऱ्यालाही त्या नजरेचा जाच होतो. आपल्याला चोर समजतात, या भावनेने कपाळावरची शीर उडू लागते.

अशा वेळी काय करावे, याचे उत्तर व्हेनिसच्या त्या घरातच आहे. कार्दानोची शंका खरी होती, तरी कट्यारीने तो मृत्यूच्या दारात पोचला. रागाने नाडी आणि रक्तदाब वाढतो, निर्णय घाईचे होतात, मोठ्या पैजा लावल्या जातात. म्हणून हात दिसतील असे ठेवावेत, नियम पाळावेत, काही खटकले तर शांतपणे तिथल्या वरिष्ठाला विचारावे आणि तरीही मन थाऱ्यावर येत नसेल तर उरलेले पैसे घेऊन उठावे. तावातावाने वाद घालत खेळत राहणे, हा यातला सर्वांत महाग मार्ग आहे.

कॅसिनोला जिंकण्यासाठी या पाहण्याची गरजही नसते. क्रॅप्समधल्या सर्वांत साध्या पैजेत खेळणारा ४९५ पैकी सरासरी २४४ वेळा जिंकतो आणि २५१ वेळा हरतो. फरक फक्त सातचा. पण शंभर रुपयांची पैज हजार वेळा लावली, म्हणजे एक लाख रुपये टेबलावर फिरले, की सरासरी सुमारे १,४१४ रुपये यजमानाकडे राहतात. बाकीच्या अनेक पैजांत हा कट याहून मोठा असतो. कार्दानोच्या सूत्राने पाहिले तर तोल पहिल्या दानापासूनच ढळलेला आहे, आणि तो खेळणाऱ्याच्या विरुद्ध.

महाराष्ट्रात कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. पण पनवेलहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी गोवा येतो आणि पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. मोबाइलवर तर प्रवासाचीही गरज उरली नव्हती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, पण सवय कायद्याने एका रात्रीत सुटत नाही.

जुगाराची सवय हा आजार आहे, असे कार्दानोने डॉक्टर म्हणून लिहिले होते. हे दुखणे वैद्यानेच हाताळायचे, असे त्याचे मत होते. वैद्यकशास्त्र तिथे पोचायला साडेचारशे वर्षे लागली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या आजाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या वर्गात बसवले. लक्षणे ओळखायला कठीण नाहीत. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे. तोच आनंद मिळण्यासाठी पैज वाढवत नेणे. घरच्यांशी खोटे बोलणे, उधार-उसनवार, दागिने गहाण. थांबायचे ठरवून थांबता न येणे आणि थांबले की चिडचिड, झोप उडणे. यातली बहुतेक लक्षणे गालारातेच्या कार्दानोत होती. समुपदेशनाने, विशेषतः विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचारांनी, अनेक रुग्ण सावरतात. पैशांचे व्यवहार काही काळ घरातल्या दुसऱ्या माणसाकडे देणे, हाही उपचाराचाच भाग असतो. सोबत नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील तर क्षणाचाही उशीर करू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक, दोन्ही यासाठीच आहेत.

कार्दानोला अशी मदत मिळाली नाही. थोरला मुलगा जाम्बातिस्ता डॉक्टर झाला होता. बायकोला विष दिल्याच्या आरोपावरून १५६० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. बाप त्याला वाचवू शकला नाही. धाकटा आल्दो जुगारी निघाला. त्याने बापाच्याच घरात चोरी केली आणि बापालाच त्याची तक्रार करावी लागली. त्याला बोलोन्या शहरातून हद्दपार करण्यात आले. १५७० मध्ये धर्मविरोधी लिखाणाच्या आरोपावरून म्हाताऱ्या कार्दानोला काही महिने कैद झाली आणि शिकवण्याची बंदी आली. पुढे तो रोमला गेला, तिथे पोपकडून निवृत्तिवेतन मिळाले आणि तिथेच त्याने आत्मचरित्र लिहिले. फाशांनी आपली अब्रू, पैसा आणि वेळ तिन्ही गेले, अशी कबुली त्यात आहे. २१ सप्टेंबर १५७६ रोजी त्याचे निधन झाले.

फाशांच्या त्या छोट्या पुस्तकात जिंकण्याच्या युक्त्या शोधणाऱ्यांना त्याने एक निष्कर्ष देऊन ठेवला आहे. जुगारात सर्वांत मोठा फायदा न खेळण्यात आहे. सगळी मोजणी करून, सगळी लबाडी पाहून आणि पोटचा मुलगा त्याच वाटेने गेलेला सोसून तो या उत्तरापर्यंत पोचला होता.