कॅप्टन नेमोला मायदेश देणारा कादंबरीकार : ज्यूल्स व्हर्न

विज्ञानकथेची आवड असलेल्या वाचकाला नवा सहवाचक भेटला की सुरुवात कोणत्या कादंबरीपासून करावी, हा प्रश्न हमखास निघतो. या प्रश्नाच्या उत्तरात दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्यांचे नाव आघाडीवर राहिले आहे, ते म्हणजे फ्रेंच कादंबरीकार ज्यूल्स व्हर्न. जगात सर्वाधिक अनुवादित झालेल्या लेखकांमध्ये त्यांची गणना होते. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या या लेखकाने आपला सर्वांत गाजलेला नायक भारतीय ठरवला, ही बाब भारतीय वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

व्हर्न यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्सच्या पश्चिमेकडील नाँत या बंदराच्या शहरात झाला. लुआर नदीच्या धक्क्यावर लागणारी जहाजे पाहत त्यांचे बालपण गेले. वडील वकील होते आणि थोरल्या मुलाने आपला व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार व्हर्न यांनी पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. मात्र त्यांचा ओढा रंगभूमीकडे होता. वडिलांचा वकिलीचा आग्रह नाकारून त्यांनी नाटके लिहिली, नाट्यगृहात चिटणीस म्हणून काम केले आणि मासिकांमध्ये कथा प्रसिद्ध केल्या. १८५७ मध्ये ओनोरिन या दोन मुलींच्या विधवा मातेशी त्यांचा विवाह झाला. संसाराची जबाबदारी आल्यावर त्यांनी पॅरिसच्या शेअर बाजारात दलालाचे काम पत्करले. लेखन मात्र त्यांनी सोडले नाही. ग्रंथालयात बसून भूगोल, खगोलशास्त्र आणि प्रवासवर्णने यांवरील टिपणे काढण्याची सवय त्यांनी आयुष्यभर जपली.

१८६२ मध्ये प्रकाशक पिअर ज्यूल्स हेट्झेल यांच्याशी झालेल्या भेटीने त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. आफ्रिका खंडावरून बलूनमधून केलेल्या प्रवासाची त्यांची कादंबरी हेट्झेल यांनी १८६३ च्या आरंभी प्रसिद्ध केली आणि ती लोकप्रिय ठरली. त्यानंतर दरवर्षी ठरावीक खंड लिहून देण्याचा करार झाला. ‘असाधारण प्रवास’ या मालिकेत पुढे पन्नासहून अधिक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. १८६४ मध्ये पृथ्वीच्या केंद्राकडील प्रवासाची, तर १८६५ मध्ये चंद्रप्रवासाची कादंबरी आली.

हेट्झेल हे केवळ प्रकाशक नव्हते, तर कठोर संपादकही होते. १८६३ च्या सुमारास व्हर्न यांनी विसाव्या शतकातील पॅरिस शहराचे चित्र रंगवणारी कादंबरी त्यांच्याकडे दिली होती. यंत्रे आणि पैसा यांच्या राज्यात कविता व साहित्य यांना स्थान उरलेले नाही, असे उदास भविष्य त्यात होते. हेट्झेल यांनी ती नाकारली. हे हस्तलिखित १९८९ मध्ये सापडले आणि १९९४ मध्ये, म्हणजे लेखनानंतर सुमारे १३० वर्षांनी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. व्हर्न हे केवळ विज्ञानाचे गुणगान करणारे आशावादी लेखक होते, हा समज या पुस्तकाने बराचसा दूर केला.

प्रकाशक आणि लेखक यांच्यातील सर्वांत महत्त्वाचा मतभेद ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या कादंबरीवरून झाला. १८६९ ते १८७० या काळात प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या नावातील अंतर समुद्राच्या खोलीचे नसून पाण्याखालून केलेल्या प्रवासाचे आहे. ते सुमारे ८० हजार किलोमीटर भरते. नॉटिलस या पाणबुडीचा अधिपती कॅप्टन नेमो जगाशी संबंध तोडून समुद्रात राहतो आणि एका राष्ट्राच्या युद्धनौकेचा सूड घेतो. व्हर्न यांच्या मूळ कल्पनेनुसार नेमो हा पोलंडचा सरदार होता. १८६३ मध्ये पोलंडमध्ये झालेला उठाव रशियाने चिरडला होता आणि त्यात नेमोचे कुटुंब मारले गेले, असे त्यांना दाखवायचे होते. रशियातील वाचक दुखावतील आणि तेथील बाजारपेठ हातची जाईल, या भीतीने हेट्झेल यांनी त्यास विरोध केला. अखेर नेमोचा देश आणि त्याच्या सूडाचे कारण दोन्ही अज्ञात ठेवण्यात आले. तथापि, श्रीलंकेजवळच्या समुद्रात एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कपासून वाचवून त्याला मोत्यांची थैली देणारा नेमो पीडितांच्या बाजूचा आहे, एवढे वाचकाला कळते.

या प्रश्नाचे उत्तर व्हर्न यांनी १८७४ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत दिले. नेमो हा बुंदेलखंडातील राजघराण्यातील राजपुत्र डक्कर असून टिपू सुलतानाशी त्याचे नाते होते, असे त्यात उघड होते. १८५७ च्या उठावात त्याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, त्याची पत्नी आणि मुले मारली गेली आणि पराभवानंतर त्याने समुद्राचा आश्रय घेतला. फ्रान्सच्या बाजारपेठेला इंग्रजांवरील टीकेची अडचण नव्हती. इंग्रजी वाचकांपर्यंत मात्र ही टीका जशीच्या तशी पोहोचली नाही. १८७५ च्या इंग्रजी अनुवादात मृत्युशय्येवरील नेमोचे निवेदन बदलण्यात आले. ब्रिटिश सत्तेविषयीचे त्याचे कठोर शब्द बोथट झाले आणि काही ठिकाणी त्यांचा रोखच फिरवण्यात आला. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’च्या सुरुवातीच्या इंग्रजी अनुवादातूनही मोठा मजकूर गाळण्यात आला होता. हेच अनुवाद अनेक दशके छापले गेल्याने व्हर्न म्हणजे मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक, अशी त्यांची प्रतिमा इंग्रजी वाचणाऱ्या जगात रूढ झाली.

भारताचा संदर्भ त्यांच्या इतर लेखनातही आढळतो. १८७२ मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत फिलियस फॉग मुंबईत उतरतो. त्याचा सेवक पासपार्तू मलबार हिलवरील देवळात बूट घालून शिरतो आणि अडचणीत येतो. पुढे लोहमार्ग अपुरा असल्याने फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो आणि सती जाण्यापासून वाचवलेली औदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची कन्या असते. प्रत्यक्षात मुंबई आणि कलकत्ता या शहरांना जोडणारा लोहमार्ग १८७० मध्येच पूर्ण झाला होता आणि पारशी समाजात सतीची प्रथा नव्हती. व्हर्न यांचा भारत हा ग्रंथालयातील पुस्तकांतून उभा केलेला होता, हे यावरून स्पष्ट होते. १८८० मधील ‘वाफेचे घर’ या कादंबरीत वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती आणि सूडाने पेटलेले नानासाहेब पेशवे आहेत. त्यात लेखकाचा दृष्टिकोन नेमोच्या बाबतीत होता तितका उदार नाही. आफ्रिकेतील लोकांच्या वर्णनातही त्या काळातील युरोपीय पूर्वग्रह दिसतात. आजच्या वाचकाने या मर्यादा लक्षात घेऊनच ही पुस्तके वाचणे योग्य ठरेल.

१८७१ पासून व्हर्न यांनी पत्नीच्या माहेरगावी, आमियाँ येथे कायमचे वास्तव्य केले. लोकप्रियता आणि संपत्ती मिळाली असली तरी १८८६ हे वर्ष त्यांच्यासाठी दुःखद ठरले. मार्चमध्ये मानसिक आजाराने ग्रस्त असलेल्या पुतण्याने त्यांच्यावर गोळी झाडली आणि पायाच्या जखमेमुळे ते आयुष्यभर लंगडत राहिले. त्याच महिन्यात हेट्झेल यांचे निधन झाले. आवडती नौका त्यांनी आधीच विकली होती. जखमेनंतर सागरी सफरी कायमच्या थांबल्या. १८८८ मध्ये ते आमियाँ नगरपालिकेवर निवडून आले आणि पुढील सुमारे पंधरा वर्षे त्यांनी शहराच्या कारभारात भाग घेतला. मधुमेह आणि क्षीण होत गेलेली दृष्टी यांवर मात करीत ते लिहीत राहिले. २४ मार्च १९०५ रोजी त्यांचे आमियाँ येथे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांमध्ये पुत्र मिशेल यांनी मोठे फेरफार केल्याचे १९७० च्या दशकात मूळ हस्तलिखिते मिळाल्यावर उघड झाले.

विज्ञानाच्या क्षेत्रातही त्यांची आठवण ठेवली गेली. व्हर्न यांच्या कादंबरीतील तीन प्रवासी फ्लोरिडातून तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात आणि प्रशांत महासागरात परततात. १९६९ मध्ये अपोलो ११ मधील तीन अंतराळवीरही फ्लोरिडातून निघून प्रशांत महासागरातच उतरले. अर्थात, तोफेतून मारलेल्या गोळ्यातील माणूस त्या धक्क्याने जिवंत राहू शकला नसता. २००८ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे पाठवलेल्या पहिल्या स्वयंचलित मालवाहू यानाला ज्यूल्स व्हर्न यांचे नाव दिले.

मराठी वाचकांना व्हर्न यांचा परिचय जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून त्यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद क्रमशः प्रसिद्ध झाला. पुढे ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांनी व्हर्न यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि अनेक पिढ्यांतील मुलांना नॉटिलसची ओळख करून दिली.

व्हर्न यांचे साहित्य नव्याने वाचू इच्छिणाऱ्यांनी ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या आटोपशीर कादंबरीपासून आरंभ करावा, त्यानंतर ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ आणि मगच ‘रहस्यमय बेट’ वाचावे. हा क्रम पाळल्यास नेमोचे रहस्य योग्य वेळी उलगडते. इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी जुन्या संक्षिप्त आवृत्त्या टाळून अलीकडचे संपूर्ण अनुवाद निवडावेत. ‘रहस्यमय बेट’चा सिडनी क्रॅव्हिट्झ यांनी केलेला अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. प्रकाशकाच्या भीतीमुळे एकदा आणि अनुवादकाच्या संकोचामुळे दुसऱ्यांदा दडवले गेलेले या बुंदेलखंडी राजपुत्राचे म्हणणे संपूर्ण आवृत्तीतच वाचायला मिळते.