रोझालिंड पिट-रिव्हर्स : टी-३ च्या संशोधिका

हाउन्सलोतील औषधांच्या दुकानातून लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्या नेणाऱ्या मराठी रुग्णांना रोझालिंड पिट-रिव्हर्स हे नाव क्वचितच ठाऊक असेल. ती गोळी शरीरात काय करते, हे मात्र लंडनमध्येच जन्मलेल्या (१९०७) या संशोधिकेच्या कार्यामुळे उलगडू लागले.

१९३७ साली विवाह संपुष्टात आल्यावर त्यांनी दोनच वर्षांत डॉक्टरेट मिळवली. त्यांचे गुरू चार्ल्स हॅरिंग्टन यांनी थायरॉक्सिन, म्हणजेच टी-४, प्रयोगशाळेत तयार केले होते. चार आयोडीन अणूंचे हे द्रव्य म्हणजेच ग्रंथीचे संपूर्ण कार्य, असा तेव्हाचा समज होता. १९५२ मध्ये पिट-रिव्हर्स आणि जॅक ग्रॉस यांनी तीन अणूंचे टी-३ शोधले. ते अधिक प्रभावी आणि शीघ्र परिणामकारक ठरले. १९५४ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या. १९५९ मध्ये भारतीय वंशाचे सहकारी जमशेद टाटा यांच्यासह त्यांनी या संप्रेरकांवर ग्रंथ लिहिला.

टी-४ रक्तात सुमारे आठवडाभर टिकते आणि शरीर गरजेनुसार त्याचे टी-३ बनवते, म्हणून सहसा टी-४ चीच गोळी दिली जाते. टी-३ झपाट्याने चढते व उतरते. त्याच्या अतिरेकाने हृदयाची धडधड वाढते, म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिले जाते. टी-४ घेऊनही थकवा न सरणाऱ्या काही रुग्णांना टी-३ ची जोड द्यावी का, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पिट-रिव्हर्स १९९० मध्ये निवर्तल्या. त्यांनी उघड केलेला चार आणि तीन अणूंमधला भेद आजही प्रत्येक चिठ्ठीमागे उभा आहे.